खेळातील नाणे आणि खिशातील रुपया

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. कारखान्यातील कामगार व अधिकारी यांच्यासाठी जी वसाहत वसविण्यात आली ती क्रमांक दिलेल्या विभागांत वाटलेली असून सेक्टर १० हा त्यांपैकीच एक विभाग होय. देशाच्या नाना प्रांतांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. महिनाभर केलेल्या श्रमाचा मोबदला या सर्वांना रुपयांत मिळे. तो रुपया किराणा दुकानात चाले, शाळेच्या शुल्कासाठी चाले, आणि गावाकडे मनिऑर्डरने पाठविला तर तेथेही चाले.

ही गोष्ट आज अगदी स्वाभाविक वाटते. तथापि वेतन खऱ्या चलनात मिळणे हा हक्क कामगारांना कायद्याने मिळवावा लागलेला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील कित्येक खाणींचे व गिरण्यांचे मालक मजुरांना नाण्यांऐवजी बिल्ले अथवा चिठ्ठ्या देत. हे बिल्ले मालकाच्याच दुकानात चालत आणि त्या दुकानातील भाव मालकच ठरवी. अशा व्यवहाराला आळा घालणारा कायदा इंग्लंडात १८३१ साली झाला. भारतात १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाच्या सहाव्या कलमाने वेतन चालू नाण्यांत किंवा चलनी नोटांत दिले पाहिजे असे ठरविले.

आज त्याच वसाहतीतील एखाद्या घरात उलट दिशेचा व्यवहार घडताना दिसतो. मजुराला बिल्ला नको असताना घ्यावा लागे. येथे मूल हातातील खरा रुपया देऊन बिल्ला आनंदाने विकत घेते. फोनवरील खेळात 'डायमंड', 'यूसी', 'कॉइन' अशा नावांनी मिळणारे आभासी चलन म्हणजे हा नवा बिल्ला होय, आणि मुले या खरेदीला 'टॉप-अप' म्हणतात. हा बिल्ला कसा चालतो, त्याची किंमत डोळ्यांआड कशी होते आणि त्यापासून घराचे हित कसे राखावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आभासी नाणे म्हणजे काय?

शाळेतील आनंदमेळावा सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रवेशद्वारापाशी रुपये देऊन कुपने घ्यावयाची आणि ती देऊन भेळ खावयाची किंवा खेळ खेळावयाचे. मेळावा संपल्यावर खिशात उरलेल्या कुपनांचे मूल्य शून्य होते. खेळातील नाणे हे अशाच प्रकारचे कुपन आहे. फरक इतकाच की ते कागदाचेही नसते. खेळ चालविणाऱ्या कंपनीच्या संगणकात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक आकडा नोंदलेला असतो. रुपये भरले की तो आकडा वाढतो आणि वस्तू घेतली की तो कमी होतो. या आकड्याखेरीज त्या नाण्याला दुसरे अस्तित्व नाही.

रुपयाही आजकाल पुष्कळदा बँकेच्या संगणकातील आकडाच असतो, मग या दोहोंत भेद कोणता, अशी शंका कोणी घेईल. भेद तीन आहेत. पहिला, रुपया सर्वत्र चालतो; खेळातील नाणे एकाच दुकानात चालते आणि त्या दुकानाचा मालक एकच असतो. दुसरा, रुपयामागे रिझर्व्ह बँक व देशाचा कायदा उभा आहे. खेळातील नाण्यामागे केवळ कंपनीच्या अटी असतात, आणि नाणे खेळाडूच्या मालकीचे नसून त्याला वापरण्यापुरती परवानगी दिलेली आहे असे त्या अटींत बहुधा नमूद केलेले असते. तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा. रुपयाचे नाणे करता येते, पण त्या नाण्याचा पुन्हा रुपया करता येत नाही. विनिमयाचा हा रस्ता एकेरी आहे.

याचा प्रत्यय भारतातील खेळाडूंना लवकरच आला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने 'पबजी मोबाइल' या खेळावर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबर २०२० रोजी त्याची भारतातील सेवा बंद झाली. ज्यांनी त्या खेळात पैसे घातले होते त्यांचा संचय त्या दिवशी निरुपयोगी झाला. २०२१ मध्ये त्या खेळाची भारतासाठी नवी आवृत्ती निघाली, तेव्हा जुने खाते तिकडे नेण्याची सोय कंपनीने काही काळ दिली. परंतु ती सोय देणे वा न देणे कंपनीच्या इच्छेवर होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर' या खेळावरही बंदी आली. बँकेतील ठेव अशा रीतीने एका रात्रीत निरुपयोगी होत नाही.

सर्वच खेळांतील चलन असे एकेरी असते असे नाही. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली 'एव्हरक्वेस्ट' नावाच्या खेळाचा अभ्यास केला. त्या खेळातील नाणी व वस्तू खेळाडू परस्परांना लिलावात डॉलर घेऊन विकत असत. त्या दरांवरून गणित मांडून त्याने असे दाखविले की, या काल्पनिक देशाचे दरडोई उत्पन्न रशिया व बल्गेरिया या देशांच्या उत्पन्नांच्या दरम्यान बसते. काल्पनिक वस्तूला खरी किंमत येऊ शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले. तेव्हा खेळातील नाणे अगदी खोटे आहे असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. ते देण्यासाठी लागणारे श्रम व पैसा खरा असतो. केवळ ते परत मिळविण्याचा मार्ग बहुतेक खेळांत बंद ठेवलेला असतो.

किंमत कशी झाकली जाते?

समजा, सेक्टर १० मधील एका मुलाला आपल्या खेळातील योद्ध्यासाठी एक पोशाख घ्यावयाचा आहे. त्याची किंमत ३६० हिरे आहे. कंपनी हिरे तीनच प्रकारच्या पुड्यांत विकते : ८० रुपयांना १००, २४० रुपयांना ३१० आणि ४०० रुपयांना ५२०. नेमके ३६० हिरे कोणत्याही रीतीने मिळत नाहीत. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे एक मधली व एक लहान पुडी घेणे. त्यासाठी ३२० रुपये पडतात, हिरे ४१० मिळतात आणि पोशाख घेतल्यावर ५० हिरे उरतात.

आता पोशाखाची रुपयांतील किंमत काय? हा साधा प्रश्न मुलाला तोंडी सोडविता येत नाही, आणि मोठ्या माणसालाही कागद घ्यावा लागेल. शिवाय उरलेले ५० हिरे त्याच्या डोळ्यांपुढे राहतात. दुकानातील पुढची वस्तू ७५ हिऱ्यांची असते. केवळ २५ हिरे कमी पडतात, परंतु सर्वांत लहान पुडी १०० हिऱ्यांची आहे. म्हणून आणखी ८० रुपये भरावयाचे आणि त्यानंतर पुन्हा ७५ हिरे उरवावयाचे. अशा प्रकारे शिल्लक हीच पुढील खरेदीचे कारण बनते. वाण्याने सव्वा किलो साखर मागणाऱ्याला दोन किलोच घ्यावी लागेल असे सांगितले, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल. येथे दुसरे दुकानच नाही.

नाण्याचे दुसरे कार्य मनाशी निगडित आहे. पाकिटातून शंभराची नोट काढून देताना मनाला किंचित टोचणी लागते आणि ती टोचणी माणसाला विचार करावयास लावते. हिरे देताना ती लागत नाही, कारण रुपये आधीच गेलेले असतात. पैसे भरण्याचा क्षण आणि वस्तू घेण्याचा क्षण यांमध्ये अंतर पडले म्हणजे खर्चाची जाणीव बोथट होते. त्यात 'सवलत संपावयास दहा मिनिटे उरली' अशा सूचनेची भर पडली की विचाराला अवसरच उरत नाही.

गूढ पेटी आणि संभाव्यतेचे गणित

काही खेळांत वस्तू सरळ विकली जात नाही. नाणी देऊन एक बंद पेटी घ्यावयाची. तीत काय निघेल ते दैवावर. इंग्रजीतून आलेले तिचे नाव 'लूट बॉक्स' असे आहे. समजा, हवी असलेली वस्तू निघण्याची संभाव्यता शंभरात एक आहे आणि प्रत्येक पेटीला ३० रुपये पडतात. शंभर पेट्या उघडल्या म्हणजे वस्तू मिळेलच, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

एका पेटीत वस्तू न निघण्याची संभाव्यता ०.९९ आहे. प्रत्येक पेटी स्वतंत्र असल्याने शंभर पेट्यांत ती एकदाही न निघण्याची संभाव्यता काढण्यासाठी ०.९९ हा आकडा शंभर वेळा परस्परांशी गुणावा लागतो. हा गुणाकार सुमारे ०.३७ भरतो. म्हणजे ज्या शंभर मुलांनी प्रत्येकी ३,००० रुपये घातले, त्यांपैकी सुमारे ३७ मुले रिकाम्या हातांनी राहतील. यश मिळण्याची संभाव्यता नव्वद टक्क्यांपर्यंत न्यावयाची तर २३० पेट्या, म्हणजे ६,९०० रुपये लागतात. नव्याण्णव वेळा अपयश आल्यावर आता आपली पाळी जवळ आली असे मनाला वाटते. पण पेटीला मागचे काही स्मरत नाही, आणि शंभराव्या वेळीही संभाव्यता शंभरात एकच राहते. काही कंपन्या ठरावीक पेट्यांनंतर वस्तू नक्की देतात. तेथे हे गणित बदलते, परंतु त्या ठरावीक पेट्यांची एकूण किंमत किती होते, तो गुणाकार खेळाडूने स्वतःच करावयाचा असतो.

मनुष्य असे का करीत राहतो, याचे उत्तर मानसशास्त्राने दिलेले आहे. फर्स्टर व स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये आपले प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कबुतराने कळ टोचली की दाणा मिळे. ठरावीक टोच्यांनंतर दाणा मिळण्याऐवजी तो केव्हा मिळेल हे अनिश्चित ठेवले असता कबुतर न थांबता, मोठ्या वेगाने टोचीत राही. आणि दाणा देणे बंद केल्यावरही ते दीर्घकाळ टोचीतच राही. अनिश्चित बक्षीस हे निश्चित बक्षिसापेक्षा सवयीला अधिक घट्ट बांधते. जुगाराच्या यंत्राचे बळ यातच आहे आणि गूढ पेटीचेही बळ यातच आहे. म्हणूनच बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यावयाच्या अशा पेट्या जुगारात मोडतात असा निर्णय दिला.

लहान रकमांची मोठी बेरीज

छत्तीसगडमधीलच एक घटना येथे विचारात घेण्याजोगी आहे. २०२१ मध्ये कांकेर जिल्ह्यातील एका मातेच्या बँक खात्यातून सुमारे ३ लाख २२ हजार रुपये नाहीसे झाल्याचे आढळले. कोणी भामट्याने खाते लुटले असावे, अशा समजुतीने तिने पोलिसांकडे तक्रार केली. चौकशीअंती असे दिसून आले की, तिच्याच बारा वर्षांच्या मुलाने खेळातील शस्त्रे व इतर वस्तू घेण्यासाठी हे पैसे खर्चिले होते. मार्च ते जून या सुमारे तीन महिन्यांत एकंदर २७८ वेळा रक्कम वळती झाली होती.

या आकड्यांचा भागाकार करून पाहावा. प्रत्येक व्यवहार सरासरीने सुमारे १,१५८ रुपयांचा होता आणि दिवसाला सुमारे तीन व्यवहार होत होते. एकाच वेळी तीन लाखांची रक्कम मागितली गेली असती तर मुलाला भीती वाटली असती आणि बँकेलाही शंका आली असती. लहान लहान रकमांनी ती भीतीही वाटू दिली नाही व शंकाही येऊ दिली नाही. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण बचतीसाठी सांगितली जाते. तळे आटण्यालाही तोच नियम लागू पडतो. या घटनेत मुलाला चोर म्हणणे सोपे आहे. परंतु त्याच्या समोर जी रचना होती ती प्रौढ तज्ज्ञांनी विचारपूर्वक घडविलेली होती, हेही विसरून चालणार नाही.

खेळ कोठे संपतो आणि जुगार कोठे सुरू होतो?

आतापर्यंत ज्या नाण्यांचा विचार केला ती परत रुपयांत बदलता येत नाहीत. ज्या ठिकाणी पैसे भरून गुण किंवा नाणी घ्यावयाची, ती पणाला लावावयाची आणि जिंकल्यास पुन्हा पैसे घ्यावयाचे, तो खेळ राहत नाही. तो जुगार होय. भिलाईकरांना हा भेद निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. भिलाईशी निगडित असलेले 'महादेव' या सट्ट्याच्या ॲपचे प्रकरण देशभर गाजले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासह २२ बेकायदा सट्टा-ॲप व संकेतस्थळे रोखण्याचे आदेश दिले. बेनामी बँक खात्यांतून पैसा फिरविला गेला असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवावयाचे आहे. तरुणांनी यातून घ्यावयाचा बोध मात्र स्पष्ट आहे. कोणी थोड्या पैशांच्या मोबदल्यात आपले बँक खाते वापरावयास मागितले, तर ते देऊ नये. त्या खात्यातून झालेल्या व्यवहाराचा जाब प्रथम खातेदारालाच विचारला जातो.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे लावून खेळावयाच्या खेळांस या कायद्याने मनाई केली. ई-स्पोर्ट्स व मनोरंजनाचे खेळ निराळे मानले. पैशाच्या जागी नाणी, गुण अथवा बिल्ले पणाला लावले तरी तो पैसाच समजावा, अशी त्यात तरतूद आहे. नाव बदलले म्हणून वस्तू बदलत नाही, हे तत्त्व कायद्यानेही येथे स्वीकारले आहे.

कायदा आणि अज्ञान बालक

अठरा वर्षांखालील व्यक्तीला भारतीय करार कायद्याच्या (१८७२) अकराव्या कलमानुसार करार करण्याची पात्रता नाही. मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच निरर्थक ठरतो असा निर्णय दिला. परंतु व्यवहारात अडचण अशी येते की, खेळातील खरेदी आईवडिलांच्या खात्यातून व त्यांच्या परवलीच्या अंकाने झालेली असते. ती मुलानेच केली हे कंपनीला पटवून द्यावे लागते.

इतर देशांनीही यावर उपाय योजले आहेत. चीनने २०१९ मध्ये नियम केले की, आठ वर्षांखालील मुलांना खेळात खर्च करता येणार नाही. आठ ते सोळा वयोगटासाठी महिन्याला २०० युआन आणि सोळा ते अठरा वयोगटासाठी ४०० युआन ही मर्यादा राहील. अमेरिकेत 'फोर्टनाइट' या खेळाच्या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये सरकारी व्यापार आयोगाशी केलेल्या तडजोडीत, फसव्या मांडणीमुळे नकळत खरेदी झालेल्या ग्राहकांसाठी २४ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकविणाऱ्या तेरा प्रकारच्या मांडण्या निषिद्ध ठरविल्या. खोटी घाई निर्माण करणे हा त्यांपैकी एक आहे.

घराने व शाळेने काय करावे?

खेळासाठी पैसे देणे हे स्वतः वाईट नव्हे. खेळ तयार करणाऱ्यांनाही पोट आहे, आणि सिनेमाचे तिकीट घेणारा माणूस उधळ्या ठरत नाही. मात्र तिकिटाची किंमत खिडकीवर रुपयांत लिहिलेली असते, आणि एका तिकिटात पूर्ण चित्रपट पाहावयास मिळतो. खेळातील खरेदीलाही हीच कसोटी लावावी.

त्यासाठी प्रथम प्रत्येक वस्तूची किंमत नाण्यांत न वाचता रुपयांत काढावी आणि ती वहीत लिहावी. मुलाने ती स्वतः काढावी हे अधिक चांगले. अपूर्णांक व शेकडेवारी शिकविणाऱ्या शिक्षकाला यासारखे उदाहरण शोधूनही सापडणार नाही. दुसरे, मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनला बँकेचे कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नये, आणि परवलीचा अंक मुलांना सांगू नये. फोनमधील प्रत्येक खरेदीस परवलीचा शब्द मागण्याची सोय चालू ठेवावी. तिसरे, खर्च करावयाचाच तर महिन्याची रक्कम आधी ठरवावी आणि ती उघडपणे, हातखर्चाचा भाग म्हणून द्यावी. लपून होणारा खर्चच बहुधा हाताबाहेर जातो. चौथे, बँकेकडून येणारे संदेश रोज पाहावेत, कारण लहान रकमा तेथेच दिसतात. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विलंब न लावता तक्रार करावी. ग्राहक म्हणून गाऱ्हाणे असल्यास १९१५ हा क्रमांक आहे.

आणि मुलाकडून चूक झालीच, तर ती सांगण्याचे धैर्य त्याला राहील असे घरातील वातावरण असावे. पहिल्या हजार रुपयांच्या वेळी जो मुलगा आईला सांगू शकतो, तो तीन लाखांपर्यंत जात नाही.

झोतभट्टीपुढे आठ तास उभे राहून मिळविलेल्या रुपयात त्या आठ तासांची नोंद असते. खेळातील नाण्यात ती दिसेनाशी होते. नाण्याची किंमत पुन्हा रुपयांत आणि रुपयाची किंमत पुन्हा श्रमांत मोजावयास मूल शिकले, म्हणजे कोणती वस्तू घ्यावी व कोणती घेऊ नये, हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही.